घाबरलेल्या चेहऱ्याची मुलगी

लॉस एंजेलिस
३ फेब्रुवारी १९२४

ऑरिन,

तुझं पत्र मिळालं. चौदा महिन्यांनी अर्धं पान लिहिलंस आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही. असू दे. मीही विचारत नाही.

तू लिहितोस, गावच्या ऑपेरा हाउसमध्ये दोन रिळांचा विनोदी सिनेमा लागला होता आणि त्यात तुला आपली विनी दिसली. सगळे पोट धरून हसत होते, तुला हसू आलं नाही. 'ती खरीच घाबरली होती, अडेला. तो चेहरा मला माहीत आहे.' आणि खाली सही.

सिनेमातलं तुला काय कळतं? तो अभिनय आहे. विनी आता सात वर्षांची आहे, आणि या शहरात सात वर्षांची मुलं पडद्यावर काय काय करतात ते तू पाहिलंस तर थक्क होशील. तुला दिसलेला सिंह म्हातारा आहे, त्याला दात नाहीत, तो दुपारी कुत्र्यासारखा उताणा झोपतो. केकची मारामारी झाली की मुलं उरलेली मलई बोटांनी चाटतात. सेटवरच एक शिक्षिका येते, रोज धडे घेते. विनीचं वजन वाढलंय. तिच्या खिडकीबाहेर संत्र्याचं झाड आहे.

तिला हे काम कसं मिळालं ते सांगते, म्हणजे तुझ्या मनात नसतं काही यायला नको. मी आधी स्टुडिओच्या धुलाईघरात लागले होते. पीठ, चिखल, मलई लागलेले कपडे दिवसभर उकळायचे. विनी मागच्या अंगणात खेळायची. एक दिवस सेटवरचा एक हंस सुटला आणि तिच्या मागे लागला. मिस्टर प्रेल तिकडून चालले होते. मुलांचे विनोदी सिनेमे तेच काढतात. विनीचे डोळे बशीएवढे झाले, तोंड उघडं राहिलं आणि आत आवाज नाही. तुला माहीत आहे, ती घाबरली की तिचा आवाज जातो. प्रेल जागच्या जागी थांबले. म्हणाले, "पोरी, तो चेहरा पुन्हा कर बघू."

तिला जमेना. मग त्यांनी हंस पुन्हा सोडायला लावला.

त्यांच्या सिनेमांत सहा मुलं असतात. एक जाडा, एक ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाचा, एक भांडखोर, अशी प्रत्येकाची ओळख ठरलेली. विनी म्हणजे घाबरणारी. लोक तिला रस्त्यात ओळखतात.

तिला तुझी आठवण येत असेल, असं समजू नकोस. ती तुझं नाव काढत नाही.

अडेला


९ मार्च

ऑरिन,

तू एकच प्रश्न विचारलायस: काय होणार ते तिला आधी सांगतात का?

हे पत्र तीनदा फाडलं. नाही. सांगत नाहीत.

बाकीच्या पाच मुलांना सगळं सांगतात. तू इथून पळ, तू इथे घसरून पड. विनीला फक्त म्हणतात, "बाळा, ती पेटी उघड, आत तुझी बाहुली आहे." आत माकड असतं. कॅमेऱ्याचा दांडा मुद्दाम हळू फिरवतात, म्हणजे पडद्यावर सगळं भरभर दिसतं आणि तिची थरथर आणखी मजेशीर वाटते. प्रेल मला समजावतात, "मिसेस राउश, मुलाला रडू आणायला मला दहा युक्त्या माहीत आहेत. पण घाबरणं शिकवता येत नाही. तुमच्या मुलीला ते देवाने दिलंय." दुष्ट माणूस नाही तो. काम संपलं की तिला खांद्यावर घेऊन मिरवतो, गोळ्या देतो.

माकडाच्या दिवशी तिचे कपडे ओले झाले. सगळे हसले. मीही हसले, ऑरिन, कारण प्रेल माझ्याकडे बघत होते. मग ती स्वतःच तो लेंगा घेऊन धुलाईघरात गेली. तिथल्या बायकांना म्हणाली, "हा माझा आहे. वेगळा धुवा."

यावर एक उपाय निघाला होता. तो मी नाही, बर्निस पाव्लिकने काढला. बर्निस म्हणजे त्या सहांतली भांडखोर मुलगी, दहा वर्षांची, खऱ्या आयुष्यात फार मायाळू. तिने विनीशी खूण ठरवली होती. काही अंगावर येणार असेल तर बर्निस स्वतःचा कान ओढायची. मग विनी आधीच मन घट्ट करायची आणि चेहरा नुसता करायची. तीन आठवडे चाललं. मला ठाऊक होतं, मी गप्प होते. त्या तीन आठवड्यांत विनी रात्रभर शांत झोपायची.

पण प्रेलना नजर आहे. रीळ धुऊन आलं तसं ते बघत म्हणाले, "हा चेहरा खोटा आहे. हिला कोण सांगतंय?" दुसऱ्या दिवशी ते विनीकडे न बघता बाकीच्या मुलांकडे बघत उभे राहिले, आणि बर्निसचा हात कानाकडे जाताना त्यांनी पकडला. ओरडले नाहीत. तिच्या आईला बोलावून म्हणाले, "मुलगी आता उंच झालीय, पाव्लिकबाई. आमच्या मुलांत शोभत नाही." जाताना पाव्लिकबाई माझ्याजवळ थांबल्या. "तू पुढे येऊन बोलली असतीस तर?" एवढंच म्हणाल्या.

मी बोलले असते तर आम्हालाही काढलं असतं. तू म्हणशील, मग काय बिघडलं असतं. तू तिथे बसून म्हणू शकतोस.

अडेला


६ एप्रिल

ऑरिन,

मला भीती वाटतेय. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहितेय.

विनी घाबरेनाशी झालीय.

महिनाभर सुरू आहे. अस्वलाचं पिल्लू आणलं, तिच्या खुर्चीखाली फटाके लावले, शिडी काढून घेतली. शिडी गेली तेव्हा ती गादीवर पडली, उठली, फ्रॉक झटकला आणि प्रेलना विचारलं, "झालं का?" चेहऱ्यावर काही नाही. पुसलेल्या पाटीसारखा चेहरा. कॅमेरामन लिंडक्विस्ट, वयस्क स्वीडिश माणूस, फारसा बोलत नाही, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

आधी मला बरंच वाटलं. मनात म्हटलं, धीट झाली. मग मंगळवारी आम्ही सनसेट बुलेव्हार्ड ओलांडत होतो. माझा हात सोडून ती पुढे गेली. मोटार आली, भोंगा वाजला, ड्रायव्हर ओरडला, बायका किंचाळल्या. विनी रस्त्याच्या मध्ये उभी राहून मोटारीकडे बघत होती. ऑरिन, ती वाट बघत होती. आता कोणीतरी 'कट' म्हणेल, याची. चाक तिच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबलं. मी तिला ओढून घेतलं तर मला म्हणाली, "ती खरी होती का?"

परवा तिने तापलेल्या किटलीला हात लावला. काढलाच नाही, मी काढला. फोड आलेत.

मी तिला मांडीवर घेऊन विचारलं, "विनी, तुला कशाचीच भीती वाटत नाही का गं?"

"मला कळत नाही कधी वाटायची," ती म्हणाली.

शुक्रवारी प्रेलनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावलं, खुर्ची दिली. "मिसेस राउश, चेहरा गेलाय. चेहरा गेला तर विनी नेब्रास्कातून आलेली एक साधी मुलगी आहे, बाकी काही नाही. पण प्रत्येक मुलाच्या मनात एक अशी गोष्ट असते, ती जात नाही. मला माहीत नसते, आईला असते. विनीची कोणती?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

अडेला


२७ एप्रिल

ऑरिन,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. 'मला माहीत नाही' असं मी आधी म्हटलं, हे खरं. पण मी त्या खुर्चीवरून उठले नाही. ते वाट बघत राहिले. मी म्हटलं, आमच्याकडे चक्रीवादळं येतात. मग म्हटलं, वादळात शिरायला अंगणात तळघर असतं. पुढे सगळंच सांगितलं. विनी चार वर्षांची असताना त्या तळघरात अडकली, कोठार कोसळून दारावर पडलं, दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही माणसांनी ओंडके बाजूला केले तेव्हा ती बाहेर आली आणि आठ दिवस तिला आवाज नव्हता. ते वहीत लिहून घेत होते. मी थांबले की पेन्सिल थांबायची, आणि ती थांबलेली मला बघवेना म्हणून मी पुढे सांगायची.

आता सुतार मागच्या अंगणात तळघर बांधतायत. जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या, वर दोन तिरपी दारं. कॅमेऱ्यासाठी एका बाजूची भिंत उघडी ठेवलीय. वादळासाठी विमानाचा पंखा आणलाय. गोष्ट अशी आहे की मुलं वादळाला भिऊन तळघरात पळतात, बाकीची निसटतात, विनी एकटी आत राहते आणि आत एक डुक्कर असतं. प्रेल म्हणतात, "दोनच मिनिटं, मिसेस राउश. भिंत उघडी आहे, मी समोर असेन. इतकं काय त्यात?"

८ मेला काम आहे.

विनी रोज येताजाता ते बघते. काल थांबली. "आई, ते काय बांधतायत?"

मी म्हटलं, "कोंबड्यांचं खुराडं."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "कोंबड्यांना पायऱ्या कशाला?"

हे पत्र तुला १ मेच्या सुमाराला मिळेल. तू तार केलीस तर मी तुझी तार प्रेलसमोर ठेवेन. 'बाप नको म्हणतो' असं सांगेन. माझ्याच्याने 'नको' म्हणवत नाही. कामाच्या मधेच घेऊन गेलात तर कोर्टात खेचू, असं करारात लिहिलंय. पण खरं सांगायचं तर कारण ते नाही. तो माणूस माझ्याकडे बघून मान डोलावतो तेव्हा मला वाटतं, मी काहीतरी आहे. तिथे शेतावर मला असं कधी वाटलं नाही.

तार कर.

अडेला


९ मे

ऑरिन,

तुझी तार परवाच आली. 'तिला आत जाऊ देऊ नकोस.' मी ती घडी करून हातमोज्यात ठेवली आणि कोणालाच दाखवली नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी बरी बाई आहे असं तुला वाटायला नको.

काल सकाळी दहाला ऊन चांगलं पडलं होतं. पंखा सुरू झाला. पालापाचोळा, धूळ, मुलांच्या टोप्या उडायला लागल्या. प्रेलनी विनीला सांगितलं, "वारा आला की सगळ्यांबरोबर पायऱ्या उतर, बस." मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. मुलं धावली. विनीही धावली. वरच्या पायरीवर मात्र ती थबकली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी तिला हाताने खूण केली. जा, म्हणून.

बाकीची मुलं उघड्या बाजूने निसटली. त्यांना सांगून ठेवलेलं होतं. वरची दारं धाडकन बंद झाली आणि सुताराने वर अडसर टाकला. लाकडावर लाकूड पडल्याचा तो आवाज पंख्याच्या घरघरीतही ऐकू आला.

चेहरा परत आला, ऑरिन.

पण या वेळी तिचा आवाज गेला नाही. उघड्या भिंतीकडे तिची पाठ होती, तिला ती दिसतच नव्हती. ती वर दाराकडे बघत होती आणि बोलत होती. सिनेमात कोणाला ऐकू येणार नाही म्हणून कोणी लक्ष देत नव्हतं. मला ऐकू येत होतं. "आई, अडसर टाकू नको ना. मी बाहेर येणार नाही. मी इथेच बसते. आई, अडसर टाकू नको."

आता तुला सांगते. तीन वर्षं मी तुला म्हणत आले की अडसर तू दाराच्या बाहेरून बसवलास, वाऱ्याने तो पडला, तुझ्या हलगर्जीपणामुळे पोर आत कोंडली गेली. गावात सगळ्यांना तेच सांगितलं. तुला सोडून आले तेही त्याच शब्दावर. अडसर वाऱ्याने पडला नव्हता. तू वरच्या शेतात घोड्यांबरोबर होतास, आकाश हिरवं झालं होतं, मला तुला हाक मारायला जायचं होतं आणि विनी सारखी माझ्यामागे येत होती. मी तिला आत ढकललं आणि अडसर टाकला. दोन मिनिटांत येते, म्हटलं. पुढचं तुला माहीत आहे. कोठार पडताना मी नाल्यात पालथी पडलेली होते.

मला वाटायचं, चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार. तिला सगळं आठवतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि तू बोलणी खात राहिलास.

मी पुढे गेले. प्रेल ओरडले, "बाई, फ्रेममध्ये येताय." मी उघड्या बाजूने आत शिरले आणि तिला उचललं. तिने मला ओळखलं नाही. मला लाथा मारल्या. मी तिला उन्हात आणून गवतावर बसवलं तर ती माझ्या हाताबाहेर सरकली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली.

प्रेल धावत आले. रागावलेले नव्हते. खूश होते. "मिळाला," म्हणाले. "चाळीस फूट रीळ, आणि डुक्कर सोडावंही लागलं नाही. तुम्ही शेवटी आलात, तेवढं कापून टाकू. असा चेहरा मी जन्मात पाहिला नाही. देशभर लोक खुर्च्यांवरून पडतील." आणि जेवणाची सुट्टी सांगून ते ऑफिसकडे गेले.

मी कॅमेऱ्याजवळ उभी राहिले. लिंडक्विस्ट रिळाची पेटी काढून कॅमेऱ्यावरून खाली ठेवत होता. दीड वर्ष त्या आवारात काढलंय मी. धुलाईघराशेजारीच रिळं धुण्याची काळी खोली आहे. धुण्याआधी रिळाला ऊन लागलं तर त्यावरचं चित्र जातं, हे मला ठाऊक आहे. लिंडक्विस्टने माझ्याकडे बघितलं. मग विनीकडे. खिशातून पाइप काढला आणि म्हणाला, "मिसेस राउश, या पेटीची खिट्टी डावीकडे फिरते. कोणी चुकून फिरवू नये." आणि पाइप पेटवायला वाऱ्याच्या आडोशाला गेला. पंखा तर केव्हाच बंद झाला होता.

मी खिट्टी फिरवली. रिळाची पट्टी बाहेर ओढली, हातभर, मग आणखी, मग सगळीच. उन्हात ती गवतावर पसरली होती. पट्टीच्या धारेने माझं बोट कापलं गेलं.

आम्ही मागच्या फाटकातून बाहेर पडलो. आता खोलीचं दार आतून लावून बसलेय. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटतं स्टुडिओचा माणूस आला. विनी पलंगाखाली आहे. जेवायची थाळी आत सरकवली, ती रिकामी बाहेर आली. तेवढंच बरं म्हणायचं.

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. कुठे, ते माहीत नाही. पूर्वेकडे.

अडेला


सॉल्ट लेक सिटी
१७ मे

ऑरिन,

आम्ही इथे उतरलोय. वाटेत विनीला ताप भरला, कंडक्टर म्हणाला पुढे नेऊ नका. स्टेशनजवळ एका विधवा बाईच्या घरी खोली घेतली आहे. ताप कालपासून नाही. बटाट्याचं सूप आणि पाव खाते. स्टुडिओकडून अजून कोणी आलेलं नाही, पण कोणी दारावर थाप मारली की मी आधी खिडकीतून बघते.

तुझी तार मी कोणाला दाखवली नाही, हे तू वाचलंच असशील. अडसराचंही वाचलं असशील. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

गाडीत काय झालं ते सांगते. नेवाडाच्या डोंगरात बोगदा लागला. भरदुपारी डबा एकदम काळा झाला. आणि विनी किंचाळली. आवाज काढून, खरी, सगळा डबा हादरेल अशी. बोगदा संपला, उजेड आला, तेव्हा ती समोरच्या बाकावरच्या एका परक्या म्हातारीला घट्ट बिलगलेली होती. मी तिच्या शेजारी बसले होते, तरी ती म्हातारीकडे गेली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "बाई, तुमची पोर घाबरलीय." डब्यात कोणी हसलं नाही.

मी हात पुढे केले. विनी आली नाही. तिथूनच तिने विचारलं, "पुढे अजून आहेत?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"विचारून ये."

मी पाच डबे ओलांडून कंडक्टरला गाठलं. त्याला वाटलं, मला वेड लागलंय. मी म्हटलं, मला आकडा हवा, नक्की हवा. त्याने बोटांवर मोजून चार सांगितले, शेवटचा लांब आहे म्हणाला. मी परत येऊन विनीला तेच सांगितलं, लांबचाही. प्रत्येकाच्या आधी मी म्हणायची, "आता येतोय." ती डोळे मिटायची, थरथरायची, प्रत्येक वेळी घाबरायची. तिसऱ्या बोगद्यात तिने माझं एक बोट धरलं. तेच, कापलेलं. मी काढून घेतलं नाही.

इथून तुझ्याकडच्या वाटेवर किती बोगदे आहेत, ते आजच स्टेशनवर जाऊन विचारून आले. तिने ते कागदावर लिहून उशाखाली ठेवलेत.

मला घरात घे असं म्हणत नाही. मला स्टेशनवर सोडून तू तिला घेऊन गेलास तरी चालेल. मी गावात कुठेतरी धुण्याचं काम बघेन. पण तू येणार आहेस की नाही, आणि आलास तर मलाही घरी नेणार की नाही, ते मला इथे तारेने कळव. मंगळवारपर्यंत वाट बघते. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, गोड करून लिहू नकोस. विनी सकाळपासून तीनदा विचारून गेली, "बाबा असतील का तिथे?" जे असेल ते गाडीत बसायच्या आधी मला तिला सांगायचंय.

अडेला